समुद्रसपाटीवरून हिमबिबट्याच्या मुलुखात: फील्ड टेक्निशियन म्हणून काम करायचं असेल तर

हिमबिबट्याच्या सर्वेक्षणावर काम करते म्हटलं की मुंबईत पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'मग दिसला का?' या कामात उतरायचं असेल तर हा प्रश्न आधी मनातून काढून टाका. भारतातल्या हिमबिबट्यांचा पहिला पद्धतशीर अंदाज 2019 ते 2023 या काळात घेतला गेला. लडाखपासून अरुणाचलपर्यंत 13,450 किलोमीटर वाटा पायी तुडवल्या गेल्या, 1,971 ठिकाणी कॅमेरे लागले आणि आकडा आला 718. त्यातले 477 एकट्या लडाखमध्ये. यातला प्रत्येक आकडा शेवटी कुणीतरी गारठलेल्या बोटांनी भरलेल्या डेटाशीटवर उभा आहे. कुठे गेलो, किती वाजता, काय सापडलं, आणि काहीच सापडलं नसेल तर शून्य. तो शून्य प्रामाणिकपणे लिहिणारा माणूस म्हणजे चांगला फील्ड टेक्निशियन.

मी इथे हिमाचलमधलं स्पिती आणि लडाख डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. मुंबईत वाढलेल्या, शनिवार-रविवारी सॅक पाठीवर टाकून कर्जत-कसाऱ्याची लोकल पकडणाऱ्या मुलामुलींना हे काम जमतं. मात्र तयारी इथूनच सुरू करावी लागते.

मुंबईत राहून काय करता येतं

आधी शरीराचं बघू. कळसूबाई 1,646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. स्पितीतलं किब्बर गाव सुमारे 4,200 मीटरवर आहे, आणि काम गावाच्याही वर चालतं. म्हणजे सह्याद्रीत कितीही भटकलात तरी विरळ हवेची सवय इथे होणार नाही. दम आणि उंचीची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दमदार ट्रेकर वर गेल्यावर पहिल्यांदा आजारी पडतात ते याच गैरसमजामुळे, कारण पाय चालतात म्हणून ते थांबतच नाहीत.

तरीही सह्याद्रीला पर्याय नाही. दहा-बारा किलोची सॅक घेऊन बारी गावातून कळसूबाई चढा आणि त्याहून जास्त लक्ष उतरण्याकडे द्या. घसाऱ्यावरून ओझ्यासकट, दिवसाच्या शेवटी, गुडघे न दुखवता उतरता आलं पाहिजे. स्पितीचे डोंगर सुट्या दगडांचे आहेत आणि दुखापती बहुतेक परतीच्या वाटेवर होतात. शक्य असेल तर उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेतला प्राथमिक अभ्यासक्रम करा. साधारण महिनाभर जातो, पण बर्फावर चालणं, दोर हाताळणं आणि तंबूत शिस्तीने राहणं तिथे अंगवळणी पडतं. दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण तर घ्याच.

नजर तयार करण्यासाठी मुंबईसारखं शहर शोधून सापडणार नाही. फोर्टमधल्या हॉर्नबिल हाऊसमध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, 1883 पासूनची. तिथले अभ्यासक्रम आणि निसर्गफेऱ्या यांतून माणसं भेटतात, कामाच्या संधी कळतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबट्यांसाठी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून अभ्यास झाले आहेत. अशा कामात स्वयंसेवक हवे असतील तर नाव द्या. परवानगीशिवाय पायवाट सोडून आत शिरू नका. पुढे आयुष्यभर वनखात्याबरोबरच काम करायचं आहे.

मोजणीचा सराव करायला शिवडीची जेट्टी उत्तम. हिवाळ्यात फ्लेमिंगो आले की मित्राबरोबर ओहोटीच्या वेळी जा. दोघांनी एकमेकांशी न बोलता तोच थवा मोजायचा, आकडा लिहून ठेवायचा आणि मग ताडून बघायचा. दोघांच्या आकड्यांत पडणारी तफावत पहिल्या दिवशी धक्का देते. ती का पडली यावर तासभर बोलणं हा जितका चांगला धडा आहे तितका वर्गात मिळत नाही. जीपीएसवर बिंदू घेणं, तो आकडा वहीत हाताने उतरवणं, नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) वाचून चढ ओळखणं, हेही इथेच पक्कं करून घ्या.

अर्ज करण्याआधी आणि हो म्हणण्याआधी

देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, म्हैसूरचं नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन, राज्यांची वनखाती, विद्यापीठांचे प्रकल्प, अशा ठिकाणी फील्ड असिस्टंट किंवा प्रोजेक्ट असिस्टंटच्या जागा निघतात. काहींना प्राणिशास्त्राची किंवा वन्यजीवशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, काहींना फक्त चालता-लिहिता येणारा भरवशाचा माणूस हवा असतो. अर्जात 'निसर्गाची आवड' लिहून काही होत नाही. कुठल्या मोजणीत काय केलंत, कुठलं उपकरण हाताळलंत, कुठली भाषा येते, ओझं घेऊन किती तास चालू शकता, हे लिहा.

मुलाखतीत तुम्हीही विचारा. विमा आहे का? माणूस आजारी पडला तर खाली कसा आणणार, गाडी कुठे उभी असेल? हवा बिघडली तर परत फिरायचा निर्णय कुणाचा? सुट्टीचे दिवस कसे मिळतात? मानधन किती आणि राहण्या-जेवण्याचा खर्च कुणाचा? या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर नकार द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि राबून वर तुम्हीच पैसे भरा, असं सांगणाऱ्या 'संधीं'पासून चार हात लांब राहा.

कागदपत्रांत कुचराई नको. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी जायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ती प्रकल्प काढतो, पण तिची एक प्रत रोज तुमच्या सॅकमध्ये हवी. गेल्या गेल्या रेंज ऑफिसात भेटून या, बीटवरच्या वनरक्षकाची ओळख करून घ्या. सॅटेलाइट फोन मात्र हौसेने विकत घेऊन जाऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बाळगणं भारतात गुन्हा आहे, आणि हा सगळा सीमेलगतचा मुलूख आहे. ड्रोनचंही तसंच.

वर चढताना

स्पितीला जायचं तर शिमला-किन्नौरच्या रस्त्याने जा. रिकाँग पिओ, मग ताबो, मग काझा असे मुक्काम केले की शरीराला वेळ मिळतो. मनालीकडचा रस्ता छोटा आहे, पण कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि हिवाळ्यात ती बंद असते. लडाखला विमानाने गेलात तर सकाळी सांताक्रूझला समुद्राच्या पातळीवर आणि त्याच दिवशी लेहमध्ये 3,500 मीटरवर, असं होतं. तिथे पहिले दोन दिवस काहीच करायचं नाही. बाजारात फिरायचंही नाही.

3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, हा सर्वमान्य नियम आहे. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणं. अशा वेळी वर जायचं नाही, एवढंच. डोकेदुखी वाढतच गेली, माणूस बरळायला लागला किंवा सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालताना झोकांड्या द्यायला लागला, तर मेंदूला सूज येते आहे असं समजा. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यात फेस येत असेल, तर फुप्फुसात पाणी होतं आहे. दोन्हींवर पहिला इलाज एकच, ताबडतोब खाली उतरवणं. रात्र असली तरी, काम अर्धवट राहिलं तरी. त्या माणसाला कधीही एकटं सोडू नका. उंचीच्या त्रासावरच्या असेटाझोलामाइडच्या गोळ्यांबद्दल मुंबईतच डॉक्टरांशी बोला, तिथे कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका.

आपल्याकडे दुखणं अंगावर काढण्याचं फार कौतुक. तिथे ती सवय जिवावर बेतते. सकाळच्या चहाला प्रत्येकाने आपलं डोकं कसं आहे, झोप लागली का, हे सांगायचंच, अशी पद्धत टीममध्ये पाडा.

कपड्यांचं थोडक्यात: सुती काही नको. घाम टिपणारा आतला थर, मधे लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. चढताना एक थर काढायचा, थांबताक्षणी चढवायचा. बर्फावर गडद गॉगल नसेल तर डोळे भाजून निघतात. निघण्याआधी धनुर्वात आणि रेबीजच्या प्रतिबंधक लशी घ्या. काझा आणि आसपासच्या गावांत भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत, आणि तुम्ही पहाटे अंधारात बाहेर पडणार आहात.

कॅमेरा लावणं

कामाचा गाभा हाच, म्हणून इथे जरा रेंगाळते.

जागा आधी. हिमबिबट्या कड्यांच्या पायथ्याने, धारेवरून, खिंडीतून चालतो. पुढे झुकलेल्या मोठ्या दगडांच्या पोटाला मूत्राची फवारणी करतो आणि मागच्या पायांनी जमीन उकरून छोटा खळगा आणि मागे मातीचा ढीग करतो. असा ताजा खळगा आणि दगडावर ओलसर डाग एकत्र दिसले तर जागा मिळाली. जानेवारी ते मार्च हा त्याचा मीलनाचा काळ, तेव्हा या खुणा भरपूर वाढतात. म्हणूनच ऐन थंडीत सगळी धावपळ असते.

या उंचीवर कॅमेरा बांधायला झाड नसतं. दगड रचून लहानसा बुरूज करायचा आणि त्यात कॅमेरा असा बसवायचा की भिंग जमिनीपासून साधारण दीड फुटावर येईल. बर्फ साठण्याचा अंदाज असेल तर आणखी वर. खुणेच्या दगडापासून अंतर तीन-चार मीटर. तोंड शक्यतो उत्तरेकडे. कॅमेऱ्यातला सेन्सर उष्णता आणि हालचाल यांच्या मेळावर चालतो; पूर्व-पश्चिमेला तोंड केलं तर उगवता-मावळता सूर्य, तापलेला खडक, हलणारं गवत यांचे हजारो रिकामे फोटो निघतात आणि कार्ड भरून जातं. समोरचं गवत हाताने काढून टाका.

आता पेटी उघडा. आत पातळ हातमोजे हवेतच, उणे पंधरात उघडं बोट धातूला चिकटतं. साधे अल्कलाइन सेल थंडीत झोपतात. एकदाच वापरायचे लिथियम सेल उणे 40 पर्यंत चालतात, तेच घाला, आणि सगळे एकाच पाकिटातले. सेल आणि कार्ड मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून तपासून न्या, काझात मिळतील या भरवशावर राहू नका. कार्ड त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. मग तारीख आणि वेळ. ही दोनदा बघा आणि सोबतच्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. दिवस-महिना उलटे पडले तर नंतर सगळी मालिका संशयाची होते.

यानंतर कॅमेऱ्यासमोरून चवड्यांवर बसून, वाकून, जनावराच्या उंचीने जा. दिवा लुकलुकला पाहिजे. दोन्ही बाजूंनी या. जनावर दगड हुंगायला थांबलं तर त्याची कूस पूर्ण चौकटीत बसेल का, हे बघा, कारण हिमबिबटे एकमेकांपासून ओळखायचे ते अंगावरच्या ठिपक्यांच्या नक्षीवरून. राष्ट्रीय सर्वेक्षणात 241 वेगवेगळे हिमबिबटे असेच फोटोंतून ओळखले गेले आणि त्या आधारावर एकूण संख्येचा अंदाज बांधला गेला. नुसतं शेपूट किंवा अर्धं डोकं आलं तर तो फोटो या कामाला फारसा उपयोगी नाही, कितीही सुंदर असला तरी.

शेवटी एका पाटीवर किंवा कागदावर ठिकाणाचं नाव, तारीख, वेळ ठळक लिहून ती कॅमेऱ्यासमोर धरा. कॅमेरा काढायला याल तेव्हा परत तेच. कार्डांची अदलाबदल झाली तरी या दोन फोटोंवरून घोळ निस्तरतो. जीपीएसचा बिंदू यंत्रात साठवा आणि डेटाशीटवर पेन्सिलने लिहा. पेन नको, शाई गोठते. उंची, उताराची दिशा, जवळच्या खुणा, कॅमेऱ्याचा क्रमांक, कार्डाचा क्रमांक, सगळं तिथेच उभं राहून भरा. 'संध्याकाळी गावात जाऊन लिहू' हे वाक्य टीममध्ये कुणीही उच्चारू नये.

कुणी गुराखी भेटला तर कॅमेरा कशासाठी आहे ते समजावून सांगा. कार्डात माणसांचे फोटो येतातच. ते कुणाला दाखवायचे नाहीत, पुढे पाठवायचे नाहीत, प्रकल्पाच्या नियमाप्रमाणे वेगळे काढून पुसायचे.

भरल आणि आयबेक्स मोजताना

भरल आणि आयबेक्स म्हणजे कड्यांवरचे शेळी-मेंढीसारखे जंगली प्राणी, हिमबिबट्याचं भक्ष्य. भक्ष्य किती आहे हे कळल्याशिवाय शिकाऱ्याचा अंदाज अर्धवट राहतो. त्यासाठी रूढ पद्धत म्हणजे दोन स्वतंत्र निरीक्षक. एक जोडी पुढे निघते, दुसरी पंधरा ते तीस मिनिटांनी त्याच वाटेने. दोन्ही जोड्या दिसलेला प्रत्येक कळप, वेळ, जागा, नर, माद्या, पिल्लं लिहितात. वाटेत खाणाखुणा, वायरलेस, काही नाही. संध्याकाळी कळप जुळवून बघायचे: कोणते दोघांना दिसले, कोणते एकालाच. या फरकातूनच न दिसलेल्या कळपांचा अंदाज निघतो. म्हणून पुढच्या जोडीने मागच्यांना 'डावीकडे बघा' असं प्रेमानेसुद्धा सांगितलं तर दिवस वाया जातो.

आयबेक्सची शिंगं मागे वळलेली, त्यांवर ठळक गाठी, हनुवटीला दाढी. भरलाची शिंगं गुळगुळीत आणि बाहेरच्या बाजूला फाकलेली, अंग पाटीसारखं राखाडी, पुढच्या पायांवर काळे पट्टे. बसलेलं भरल खडकात पार विरघळून जातं. समोरच्या उताराचे मनाने आडवे पट्टे पाडा आणि दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे एकेक पट्टा सावकाश पुसून काढा. सगळा उतार झाला की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत हमखास काहीतरी उठून उभं राहतं.

विष्ठा गोळा करण्याचं काम असेल तर हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका आणि सुकलेली विष्ठा नाकाजवळ नेऊ नका. मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेत माणसाच्या यकृतात गाठी करणाऱ्या फीतकृमीची अंडी असू शकतात. नमुना ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत, चिठ्ठी आत एक आणि बाहेर एक. सापडलेलं शिंग, कवटी, केस आठवण म्हणून आणणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. फोटो काढा, नोंद करा, तिथेच ठेवा.

गावात राहताना

तुमच्यापेक्षा तो डोंगर चांगला ओळखणारी माणसं गावात आहेत. किब्बरच्या बायका आज कॅमेरा ट्रॅप लावतात, फोटो संगणकावर वेगळे करतात. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या गावकऱ्याबरोबर चालताना त्याने 'आज त्या नाल्यात नको' म्हटलं तर वाद घालू नका; त्यामागचं कारण परत आल्यावर विचारा. त्यांचा अंदाज अनेकदा बर्फाच्या आवाजावरून आलेला असतो आणि तो शब्दांत सांगायला त्यांनाही वेळ लागतो.

भेटल्यावर 'जुले' म्हणा. मुंबईच्या हिंदीतलं 'तू' आणि 'तुम' इथेच ठेवून जा, तिथे सगळ्यांना 'आप'. स्पितीतली घरगुती शौचालयं कोरडी असतात, खाली खत तयार होतं. आत पाणी ओतायचं नाही, माती टाकायची. 4,200 मीटरवर पाणी सुमारे 86 अंशांनाच उकळतं, त्यामुळे प्रेशर कुकरशिवाय डाळ शिजत नाही. तंबूत राहणार असाल तर कुकर न्या. खोलीत बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटलेली असेल तर हवेला वाट ठेवा आणि निजताना ती विझली आहे ना, हे बघा. बंद खोलीत साठणारा विषारी वायू न कळता जीव घेतो.

हिमबिबट्याने कुणाच्या गोठ्यात शिरून शेळ्या-मेंढ्या मारल्या की तुमच्या कानावर येईलच. तेव्हा तुम्ही प्राण्याच्या बाजूचे म्हणून उभे राहू नका. त्या घरी जा, बसा, ऐका. काय मेलं, गोठ्याचं छप्पर कसं होतं, दार कुठे होतं, ते नीट लिहून घ्या आणि प्रकल्प प्रमुखाला त्याच दिवशी कळवा. भरपाई देण्याचं आश्वासन तुम्ही द्यायचं नाही, तो अधिकार तुमचा नाही. पण ऐकून घेणं तुमच्या हातात आहे, आणि ज्या घराने वर्षाची कमाई एका रात्रीत गमावली आहे त्याला ते लागतं.

खाली उतरण्याआधी

गाव सोडण्यापूर्वी प्रत्येक कार्डाच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या सॅकमध्ये ठेवा. डेटाशीटचे फोटो काढा. कॅमेऱ्यांची यादी जुळवा. जो सापडला नाही त्याची जागा, शेवटची तपासणी आणि संभाव्य कारण लिहा. याकने पाडला, बर्फाखाली गेला, काहीही असो. गाडीवाला, घरमालक, ओझी वाहणारे, सगळ्यांचे पैसे चुकते झाले का हे स्वतः विचारा, कार्यालयातून नंतर येतील यावर सोडू नका. मोजणी झाल्यावर आकडे आधी गावाला कळायला हवेत, तेव्हा ती बैठक कधी आणि कुणाच्या घरी, तेही प्रकल्प प्रमुखाकडून ठरवून घ्या आणि सरपंचांना सांगूनच निघा.